डाव्या हातातले बाबा

"हा नाही डॉक्टर, डावा," म्हणत यांगझोमने उजवा हात मागे घेतला. "डाव्यात बाबा आहेत."

डॉक्टर मृण्मयीने पट्टा सोडवून दुसऱ्या दंडाला गुंडाळला. मंडी मोहल्ल्यातल्या या दवाखान्यात तिने नाना तऱ्हेचे पेशंट पाहिले होते, पण दुसऱ्याचं प्रेशर आपल्या हातावर मोजून घेणारी ही एकटीच. यांगझोम इथून दोन तासांवरच्या बायलाकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतली. कित्येक हिवाळे सांगलीत स्वेटर विकून मराठी शिकलेली. यंदा मात्र काळजीपोटी ती गेलीच नव्हती. म्हातारा बाप लडाखच्या उंच पठारावर, शेळ्यांपाशी. प्रेशर भलतंच वाढलेलं, त्यात दिवसभर लोणी-मिठाचा चहा. खाली या म्हटलं की कानाडोळा करायचा. बर्फाने रस्ता बंद झाला की तपासायलाही कुणी जात नसे.

"आमचे वैद्य लेकीची नाडी बघून बापाचं दुखणं सांगतात," यांगझोम पहिल्याच भेटीत म्हणाली होती. "मग तुमच्या मशीनला काय धाड भरलीय?"

तिचं मन राखायला म्हणून मृण्मयीने मोजलं. उजव्या हातावर एकशे वीस, डाव्यावर दोनशे दहा. यंत्र बदललं, आकडे तेच. मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या करवल्या, बाई ठणठणीत. तेव्हापासून तो डावा दंड बांधताना मृण्मयीच्या अंगावर काटा यायचा. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

आज तिने हवा भरली, स्टेथोस्कोप टेकवला आणि हळूहळू हवा सोडली. सुई खाली खाली येत शून्यावर थांबली. ठोका एकही ऐकू आला नाही. तिने मनगट चाचपलं. हात चांगला उबदार होता, बोटं कमरेच्या पट्टेरी तिबेटी ॲप्रनच्या टोकाशी चाळा करत होती, आणि नाडी नव्हती.

"किती?"

"यंत्र बिघडलंय वाटतं." मृण्मयीने पट्ट्याची नळी उगाच ओढून पाहिली.

"कमी झालं असणार," यांगझोम खुशीत होती. "काल फोनवर म्हणाले, येतो गं आता, तुझ्याकडेच येतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल झाले."

मृण्मयीला भीती वाटली, सरळ सरळ भीती. काहीतरी करायचं म्हणून तिने पट्टा उजव्या दंडावर चढवला. हवा जरा सोडते न सोडते तोच कानात ठोके पडू लागले, जड आणि सावकाश. सुई दोनशे दहावर होती.

तिने पुन्हा मोजलं. मग पॅड ओढून गोळ्या लिहिल्या.

"आजपासून या तुम्ही घ्यायच्या. चुकवायच्या नाहीत."

"मी? आणि बाबांना काय?"

मृण्मयीने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"यांगझोम," ती म्हणाली, "ते पोचलेत."

यांगझोमचा चेहरा उजळला. तिने वळून दाराकडे पाहिलं.