दहा नंबरचा शर्ट

यशवंत घोरपडेला कुठेही उभा करा, तो खेळायचा. बॅक आजारी पडला, यशवंत बॅक. डाव्या विंगवाल्याचं लग्न निघालं, यशवंत डाव्या विंगला. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या त्या क्लबात सहा वर्षांत त्याने एक आणि दहा सोडून सगळे नंबर पाठीवर वागवले. प्रत्येक वेळी ट्रेनर क्रोलने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हटलं, "प्रीमा, योश!" म्हणजे झकास. बस्स, एवढंच. थापेवर कुणाचं भागत नाही, हे शहाण्या यशवंतला कळत नव्हतं.

कळणार तरी कसं? कोल्हापूरचा गडी, तालमीच्या संघातून फुटबॉल शिकलेला. तिथे वस्ताद बोलला की विषय संपला. आखाड्याची माती उकर म्हटलं तर माती उकरायची, गोलात उभा राहा म्हटलं तर राहायचं. पण वस्तादही मग पोराला वाऱ्यावर सोडत नसे; दूधतूप, नोकरी, सोयरीक, सगळं त्याच्या अंगावर. १९५५ साली यशवंत डार्मश्टाटला केमिस्ट्रीची डॉक्टरेट करायला आला आणि वर्षभरात क्रोलच्या नजरेला पडला. डॉक्टरेट सुटली, क्लबाचा करार झाला, सकाळी रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचं काम आणि दुपारी सराव. क्रोलला त्याने मनातल्या मनात वस्ताद करून टाकलं. क्रोलला याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी त्याने तो मान फुकटात खिशात घातला असता.

यशवंतला हवा होता दहा नंबर. त्या काळी नंबर जागेवरून पडत, आणि दहा म्हणजे डावा इनसाइड, खेळ रचणारा. कोल्हापुरात तो त्याच जागी खेळायचा. क्लबाच्या खोलीत भिंतीवर निवृत्त खेळाडूंचे फोटो होते, सगळे पाठमोरे, पाठीवर ज्याचा त्याचा नंबर. आपली पाठ तिथे दहा घेऊन लागावी, एवढीच त्याची आस होती. बायकोला, सुलेखाला, त्याने ती भिंत दाखवलीही होती. तेव्हा ती म्हणाली, "अहो, मागितल्याशिवाय इथे पाणीसुद्धा मिळत नाही. सरळ सांगा ना त्यांना, की मी दहालाच खेळणार, नाहीतर नाही."

"वस्तादाला नाही म्हणायचं नसतं गं."

"तो कसला डोंबलाचा वस्ताद!"

बासष्टच्या मे महिन्यात एकदाचा योग आला. मोसमातला शेवटचा सामना. जिंकले तर वरच्या लीगमध्ये. नेहमीचा दहा नंबरवाला पाय मोडून पडलेला. क्रोलने शर्ट यशवंतच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "आज तुझा. दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबाचा माणूस बघायला येतोय. चांगला खेळलास तर हा शर्ट कायमचा तुझा."

आणि काय खेळला तो! पहिली आठ मिनिटं चेंडू त्याला सोडून जायला तयारच नव्हता. सुलेखा कठड्याशी उभी राहून रडत होती, तिला स्वतःची लाजही वाटली नाही. नवव्या मिनिटाला यशवंतच्याच संघाच्या गोलकीपरचं कॉलरबोन मोडलं. त्या काळी बदली खेळाडू नसे. मैदानावरच्यातल्याच कुणीतरी गोलात जायचं. दहा जण एकमेकांकडे बघायला लागले. क्रोल ओरडलादेखील नाही. त्याने बाकावरून नुसतं यशवंतकडे बोट केलं आणि मग गोलाकडे.

सुलेखा कठड्यावरून वाकून ओरडली, "अहो, नाही म्हणा! एकदा तरी नाही म्हणा!"

मराठी तिथे फक्त एकाला कळत होतं. त्या एकाने दहा नंबर काढून गवतावर टाकला आणि कीपरचा स्वेटर डोक्यातून घातला.

त्याने चार गोल वाचवले. चौथा वाचवताना उजव्या हाताची तीन बोटं मोडली. विंगवरचा रूडी यशवंतच्या रिकाम्या जागेत सरकला, त्याने एक गोल मारला, आणि क्लब जिंकला.

सामन्यानंतर यशवंत कपडे बदलायच्या खोलीत गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसला होता. दार अर्धवट उघडं. बाहेर त्या मोठ्या क्लबाचा माणूस क्रोलला विचारत होता, "तो तुमचा हिंदी खेळाडू. सुरुवातीला दहाला सुरेख खेळला. तो नक्की काय आहे?"

"आल्झो, म्हणजे, तो सगळीकडे थोडा थोडा आहे," क्रोल म्हणाला. "खास असा कशातच नाही. त्याला नेऊन पस्तावाल. रूडीला न्या."

यशवंतला शब्द न् शब्द कळला. सात वर्षांत जर्मन चांगलं झालं होतं त्याचं. हात मोडला होता, जीभ शाबूत होती. उठून दार ढकलायला दोन पावलं पुरली असती. हा मनुष्य बादलीतलं पाणी बघत बसला. मला अजून त्याचा राग येतो.

थोड्या वेळाने क्रोल आत आला. "योश, रूडी चाललाय. सात नंबर रिकामा होतोय. सांभाळशील ना?"

"हो, हेर क्रोल," यशवंतने साहेबाला द्यावं तसं अदबीने उत्तर दिलं. क्रोलने खांद्यावर थाप मारली.

पुढे आणखी दोन वर्षं तो असाच खेळला, वाकड्या बोटांनी, जिथे भोक पडेल तिथे. दहा नंबर नवीन आणलेल्या एका पोराला गेला. चौसष्टमध्ये गुडघा गेला आणि क्लबाने निरोपाचा समारंभ ठेवला. क्लबाच्या खोलीत बिअर, सॉसेज आणि क्रोलचं भाषण. भाषणाच्या शेवटी त्याने एक खोका यशवंतच्या हातात दिला. आत नवा कोरा शर्ट होता. यशवंतने तो उलटा केला. पाठीवर काहीच नव्हतं.

"कमिटीत आम्ही तासभर भांडलो," क्रोल हसत म्हणाला. "कोणता नंबर घालायचा? योशचे तर सगळेच! मग म्हटलं, कोणताच नको."

खोली हसून हसून फुटली. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरंच तो मान वाटत होता. सुलेखाला वाटलं, त्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

भिंतीसाठी फोटो घ्यायला फोटोवाला कॅमेरा घेऊन पुढे आला. यशवंतने शर्ट चढवला. वाकड्या बोटांना गळ्याची बटणं लागेनात, ती सुलेखाने लावली. लावता लावता ती हळूच म्हणाली, "अहो, चला घरी. हा फोटो नको."

"पाठ करा, हेर घोरपडे," फोटोवाला म्हणाला. यशवंतने भिंतीवरच्या नंबरांकडे एकदा बघितलं आणि पाठ केली.