गाव, पीक, अडचण

पितांबर नानांचा एकच हट्ट होता. पत्राच्या विषयात गाव, पीक आणि अडचण लिहायची, बाकी काही नको. शेतकी खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या माणसाने देवपूरच्या घरी बसून धुळे-जळगावच्या शेतकऱ्यांसाठी ईमेलचा गट काढला होता. पत्र टाकलं की ते आठशे जणांना एकदम जाई, आणि उत्तर बहुतेक वेळा नानाच देत.

हा हट्ट काही लहर आली म्हणून नव्हता. आधी मोबाइलवर ग्रुप होता. तिथे रोज सकाळी गुलाबाची फुलं, सुविचार, वाढदिवसाचे केक. त्या ढिगात रावेरच्या भाविका नावाच्या मुलीचा केळीच्या पानांवरच्या पिवळ्या पट्ट्यांबद्दलचा प्रश्न चार दिवस गाडला गेला. नानांच्या नजरेस पडेपर्यंत रोग बागभर पसरला होता. त्या पोरीला अडीच हजार झाडं उपटून टाकावी लागली. नानांना ते फार लागलं.

मग त्यांनी शिस्त लावली, आणि लावली म्हणजे अशी की मोडायची कुणाची बिशाद नव्हती. 'तातडीचे', 'नमस्कार', 'मदत करा' असले विषय सरळ परत. एका पत्रात एकच प्रश्न. आभाराचं पत्र सगळ्यांना धाडायचं नाही. पारोळ्याच्या छगनने एकदा पत्राच्या सुरुवातीला अहिराणीत लिहिलं, "नाना, बठ्ठं बरं शे ना? तब्येत कशी शे?" आणि मग तो कापसाकडे वळला. नानांनी कळवलं, पहिली ओळ गाळून पुन्हा पाठवा. छगनने निमूटपणे पाठवलं.

तेव्हा त्यांच्या पत्नी लताबाई होत्या. "अहो, माणसं आहेत ती, अर्जदार नव्हेत," असं त्या म्हणत, आणि नाना ते हसण्यावारी नेत. दोन वर्षांपूर्वी लताबाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. गटावर मात्र पत्रं येत राहिली, नेटकी, चार-चार ओळींची.

यंदा पोळ्यानंतर नाना न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात पडून होते. घरी आल्यावर चहासुद्धा न करता त्यांनी आधी संगणक लावला. नाना गप्प का, असं कुणीतरी विचारलं असेल, एवढंच त्यांना बघायचं होतं. सव्वीस पत्रं होती. शिंदखेडा, कापूस, बोंडं गळणे. यावल, केळी, घड लहान. नावं ठेवायला कुठे जागा नव्हती. लोकांनी एकमेकांना उत्तरंही दिली होती, अगदी नानांनी दिली असती तशीच. नाना कुठे आहेत, हे एकाही पत्रात नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याची लाजही वाटली.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच गटाला लिहिलं. विषय 'सहज'. आत, 'मी आजारी होतो. आता बरा आहे. तुम्ही सगळे कसे आहात?'

अर्ध्या तासात भाविकाचं पत्र सगळ्यांना आलं. विषय होता, 'सर्व गावे, सर्व पिके, नानांच्या नावाने खोटे पत्र'. आत तीनच ओळी होत्या. 'सहज या विषयाचं पत्र उघडू नका. कुणीतरी नानांचं खातं चोरलं आहे. नाना असं कधी लिहीत नाहीत.'

नानांनी ते दोनदा वाचलं. 'मीच लिहिलं होतं' असं टाइप केलं. मग खोडलं. गटाच्या नोंदीतलं आपलं पत्र त्यांनी आपल्याच हाताने काढून टाकलं आणि भाविकाला कळवलं, 'पत्र काढले आहे.'