डाव्या खांद्याजवळचा डाग

मी एल बोलतोय. इंग्रजी 'लेफ्ट'मधला, शिशाचा, नखाएवढा. पण आकारावर जाऊ नका. मूर्ती लहान, कीर्ती महान! उल्हासनगरच्या एका भट्टीत जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून मला ओतलं, आणि विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका एक्स-रे क्लिनिकमध्ये मी रुजू झालो. तिथला टेक्निशियन हरिचंद्र मला फिल्मच्या पेटीवर, म्हणजे कॅसेटवर, पट्टीने चिकटवायचा. माणसाची डावी बाजू कुठली, हे फिल्मवर सांगायचं काम माझं.

बटण दाबलं की किरणांचे असंख्य कण सुटतात. फुप्फुसात हवाच जास्त, तिथून ते बिनधास्त पार होतात आणि फिल्म काळी करतात. हाडं बरेच कण गिळतात, म्हणून ती पांढरी दिसतात. काही कण मधेच कशाला तरी धडकून वाट सोडतात आणि फिल्मवर नुसता धुरकटपणा पसरवतात. या भटक्यांचा मला मनस्वी राग. माझ्यापुढे मात्र कुणाची मात्रा चालत नाही. आला की अडवलाच!

२००४ साली एका सकाळी पालेगावची प्रीती वडिलांबरोबर आली. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती, आणि दुसऱ्याच दिवशी फिटनेसचा दाखला द्यायचा होता. न्हाऊन, केस वाळायच्या आतच तिने घट्ट वेणी घातली होती. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली, आणि तशीच ती कॅसेटला छाती टेकवून उभी राहिली. वेणी माझ्या अगदी शेजारी दाबली गेली. पट्टीखालीसुद्धा मला गारवा लागला.

हरिचंद्र एरवी प्रत्येक बाईला केस वर बांधायला लावायचा. त्या दिवशी बाहेर रांग होती, तो विसरला. मी ओरडून सांगितलं असतं, पण शिशाला कुठला आवाज?

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "डावीकडे वर डाग दिसतोय. टीबी असू शकतो. थुंकी तपासल्याशिवाय फिट लिहिता येणार नाही."

"साहेब, हिला साधा खोकला पण नाय कधी," तिचे वडील किसन म्हणाले.

"उद्या दाखला नाय दिला तर माझी सीट दुसरीला जाईल," म्हणत प्रीती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. त्या डागाला पत्ता माझाच मिळाला होता.

आत सगुणाबाई, क्लिनिकच्या मावशी, कॅसेट पुसत होत्या. फडकं माझ्यापाशी थांबलं.

"हरिचंद्र, ह्या एलच्या बाजूला पाणी कसलं रे?"

हरिचंद्रने कॅसेट पाहिली, मग फिल्म पाहिली. डाग माझ्या शेजारी, पाणीही माझ्या शेजारी. प्रीतीच्या वेणीकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. "डॉक्टर, चूक माझी. केस वर बांधायला सांगायचं राहिलं."

ओल्या केसांनी थोडेच कण अडवले होते, पण काळ्या फुप्फुसावर तेवढी फिकट सावलीही उठून दिसते.

मावशींनी तिच्या डोक्यावर अंबाडा बांधला. दुसरी फिल्म स्वच्छ आली, कोपऱ्यात मी पांढराशुभ्र. डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं. किसन मात्र ती फिल्म खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

आता २००९ आहे. कॉम्प्युटरचं मशीन आलंय, त्यात अक्षर बटणाने उमटतं. मी ड्रॉवरमध्ये टाचण्यांसोबत पडून असतो. मला भंगारात द्यायचं तर खुशाल द्या, भट्टीला मी भीत नाही. फक्त मशीनकडे बघायच्या आधी एकदा समोरच्या माणसाकडे नीट बघा.

गेल्या आठवड्यात एक नर्स म्हाताऱ्या पेशंट बाईंना घेऊन आली. हरिचंद्र तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आजी, थांबा. आधी केस वर बांधते."

आवाज मी लगेच ओळखला. प्रीती होती.