उभ्याउभ्या डुलकी

गोदामात अंगावर चढवायचे यंत्राचे सांगाडे आले. कंबरेवरचा भार गेला, पण साहेबाने चहाची सुट्टीही खाल्ली. म्हणाला, "वजन यंत्र उचलतंय, तुम्ही कसले थकता?"

पण हमाल वस्ताद. गुडघे लॉक केले की सांगाड्यात उभ्याउभ्या डुलकी काढता येते, हे त्यांनी लगेच हेरलं.

एका दुपारी दाजी रॅकपाशी असेच मान टाकून उभे होते. शेजारीच पोती वाहणाऱ्या त्यांच्या मेव्हण्याला दया आली. "यांना सांभाळ रे," असं बहिणीने बजावलंच होतं. त्याने दाजींची पोतीही स्वतःच वाहिली आणि हाक मारणाऱ्यांना दटावलं, "झोपू द्या की जरा!"

पाळी संपली तेव्हा त्याने दाजींच्या हाताला हात लावला. हात गार पडला होता.

त्याची बोंब ऐकून साहेब धावत आला. मेव्हणा रडत रडत सांगाड्याचे पट्टे सोडत होता. शेवटचा पट्टा सुटला आणि दाजी पुढे कलंडले, त्यांच्यामागोमाग सांगाडाही.

"अरे, धरा, धरा!" साहेब किंचाळला आणि त्याने स्वतःच झेप घेतली.

सांगाडा वाचला. दाजी तोंडावर आपटले.