कललेला सात

माझ्या डाव्या कुशीवर एक क्रमांक ठोकलेला आहे. त्यातला शेवटचा सात बाकीच्या आकड्यांपेक्षा दोन मिलिमीटर खाली असून डावीकडे कललेला आहे. मित्रांनो, मी फिलिपिन्समधल्या एका जीपनीच्या, म्हणजे लांबट प्रवासी जीपगाडीच्या, इंजिनाचा जुना ब्लॉक आहे.

जपानमधल्या एका ओतशाळेत वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले आणि चार सिलिंडर पोटात घेऊन मी बाहेर आलो. तिथे एका मालवाहू ट्रकमध्ये अकरा वर्षे राबलो. मग सुटा होऊन जहाजाने फिलिपिन्समधल्या इलोइलोला आलो आणि एलिसेओच्या जीपनीत बसलो.

दरवर्षी नोंदणीसाठी माझ्या क्रमांकाचा ठसा द्यावा लागे. आकड्यांवर पेन्सिल घासायची, चिकटपट्टी दाबायची आणि ती सोलून कागदावर लावायची. ठसा लख्ख उठावा म्हणून एलिसेओने एकदा पॉलिश कागद इतका घासला, की शेवटचा आकडाच गेला. घाबरून त्याने तो हाताने ठोकला.

"सातानं माडी ढोसली वाटतं," पास्तोर मिस्त्री म्हणाले.

चार वर्षांपूर्वी पुरात पुलाचा कठडा तुटला. जीपनीसकट एलिसेओ आणि मी दोघेही पाण्यात गेलो. नंतर माझ्याभोवती गाळ होता. एलिसेओ वर आलाच नाही हे मला ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. गाव म्हणे, जीपनी विकून तो मनिलात दुसरीबरोबर राहतो. त्याची बायको नेनिता जीपनीचा नोंदणीचा कागद पिशवीत जपून ठेवी. मृतासाठी नऊ दिवसांची प्रार्थना बसवतात. बसवायची का, असे सासू दरवर्षी विचारी. नेनिता नकारार्थी मान हलवी.

गेल्या आठवड्यात पुलाखालच्या नदीत वाळू काढणाऱ्यांना मी सापडलो. मिस्त्रींनी मला डिझेलने धुतले, तारेच्या ब्रशने घासले आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोट फिरवले. मग त्यांनी हात पुसले. नेनिता आणि तिची सासू, दोघींना त्यांनी बोलावले.

"इंदाय, पोरी, तिसऱ्या सिलिंडरमधली आतली नळी, लायनर, मीच बसवलाय. पण नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तू स्वतः बघ."

नेनिताने पिशवीतून नोंदणीचा कागद काढला आणि त्यावरची ठशाची पट्टी माझ्या क्रमांकाशेजारी धरली. मित्रांनो, जुन्या लोखंडावरचे आकडे घासून टाकू नका. ते कुणाला तरी वाचायचे असतात.

तिचे बोट सातावर आले आणि तिथेच थांबले. ती रडली नाही. तिने कागदाची पूर्वीचीच घडी घातली.

"आई," ती म्हणाली, "प्रार्थना आजपासून बसवू. सगळ्यांना सांगा."