उत्कर्षा बुक आहे

"तुळशीच्या लग्नानंतर उत्कर्षा रिकामी आहे का हो?"

"नाही, बुक आहे."

"मग डिसेंबरात?"

"तेव्हाही बुक आहे."

उत्कर्षा मीच. पण हे लोक माझी चौकशी करत नसतात. हडपसर मागं टाकून सोलापूर रोडनं थोडं पुढं आलं की डाव्या हाताला एक कमान लागते. तिच्यावर दिव्यांच्या अक्षरांत लिहिलंय, 'उत्कर्षा लॉन्स'. खाली मोबाइल नंबर, तोही माझाच. पुण्यात लॉन्स म्हणजे लग्न लावायची जागा. गवत असलं तर असलं. माझे सासरे रावसाहेब, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांनी उसाचं रान मोडलं, कमान उभी केली आणि तिला नव्या सुनेचं नाव दिलं. भावकीत केवढं कौतुक! सुनेला किती मान देतो बघा! घर कमानीच्या आतच, आणि मान एवढा की त्या कमानीखालून सुनेला एकटीनं बाहेर पडता येत नाही.

आणि बुक काही नव्हतंच. लॉन्स बंद होतं. पण बंद म्हणायचं नाही, अशी मामांची ताकीद होती. "बंद म्हटलं की गिऱ्हाईक परत फिरकत न्हाय. बुक हाय म्हणायचं. भाव वाढतो." त्यामुळं दिवसभर फोन घ्यायचा आणि स्वतःच्या नावानं खोटं बोलायचं, हे माझं काम.

लॉन्स बंद पडलं ते गवतामुळं. गेल्या सराईत माळी दुपारच्या उन्हात पाइप धरून उभा राहायचा. एकीकडं तळं, दुसरीकडं फुफाटा. त्यात आचाऱ्यांनी भाताचं उकळतं पाणी कडेनं ओतलं. शेवटच्या लग्नात नवऱ्या मुलाची आई चिखलात घसरून सगळ्यांसमोर बसली, आणि तिचा व्हिडिओ तालुकाभर फिरला.

त्याच सुमारास मला शिवाजीनगरच्या माती तपासणीच्या लॅबमधून फोन आला. मी शेतकीची पदवीधर. लग्नाआधी तिथं मुलाखत देऊन आले होते. जागा निघाली होती, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मी जेवणं झाल्यावर विषय काढला. मामा सुपारी कातरत होते.

"जा की. न्हाय कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "आम्ही काय जुन्या वळणाची माणसं हाय का? फक्त लॉन धरू दे. एवढी शिकलीस, तर तूच बघ. लॉन धरलं की दुसऱ्या दिवशी जा."

मी शंभूकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली. दादांसमोर, म्हणजे वडलांसमोर, त्याला तेवढंच येतं.

मला वाटलं, अट साधी आहे. गवत धरायला, म्हणजे मुळं रुजायला, कितीसा वेळ लागतो? मी त्याच आठवड्यात नीरजाताईंना बोलावलं. नीरजाताई शनिवार पेठेतल्या. बागा आणि मैदानांना पाणी खेळवायची यंत्रणा बसवून देणं हा त्यांचा धंदा. आल्या, सगळीकडं चालून पाहिलं, आणि मामांना म्हणाल्या, "अहो, इथे गवत लावलं होतं म्हणता. कोणत्या बाजूला?"

मामा हसले, पण ते त्यांना लागलं.

पुढचे दिवस मला आवडले, खोटं कशाला बोलू? नीरजाताईंच्या माणसांनी जमीन उकरली, एका बाजूला उतार दिला, पाइप पुरले. ठरल्या वेळी टायमरनं चालू होणारे, गवतात दिसणार नाहीत असे फवारे बसवले. पाणी सुरू झालं की ते जमिनीतून डोकं वर काढतात आणि बंद झालं की परत आत जातात. एका फवाऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या पायाशी पोचलं पाहिजे, नाहीतर मधे करपतं, हे त्या बोअरचा पंप सुरू करून, जागेवर भिजून दाखवायच्या. मीही भिजायचे. मग नर्सरीतून गवताचे तुकडे आले, सतरंजीच्या घडीसारखे. ते अंथरले, त्यावर रोलर फिरवला.

"आता ऐका," नीरजाताईंनी ओसरीवर चहा घेता घेता सांगितलं. "सुरुवातीला थोडं थोडं पाणी, दिवसातून दोन-तीनदा. मग कमी वेळा, पण भरपूर. म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात. रोज वरवर शिंपडत राहिलात तर ती वरच लोळतात, आळशी जावयासारखी. पाणी पहाटे. आणि धरेपर्यंत पाय ठेवायचा नाही. कोणीही. आपणही."

"धरलं कसं वळखायचं?" मामांनी विचारलं.

"हलकेच ओढून पाहायचं. उचललं गेलं तर नाही धरलं. जागचं हललं नाही तर धरलं."

हे त्यांनी मला एकटीला सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामांचा नेम सुरू झाला. चहा झाला की फाटकाजवळच्या कोपऱ्यात जायचं, वाकायचं, एकाच तुकड्याची कड मुठीत धरायची आणि ओढायची. तुकडा सुटून हातात यायचा. मग तिथूनच ओसरीकडं बघून आरोळी, "अजून न्हाय धरलं गं!"

मी पाणी बदललं. पहाटेच्या पाळीची वेळ वाढवली. त्या कोपऱ्यातल्या फवाऱ्याचं तोंड कडेला बसूनच दोनदा साफ केलं. तिथं बारीक माती चाळून टाकली. दिवाळी आली, फराळ झाला, पाहुणे गेले. रोज सकाळी तीच आरोळी. रात्री शंभूला म्हटलं, "तू तरी एकदा बोल." तो म्हणाला, "अगं, गवतच धरत नाही त्याला दादा काय करणार? थोडं थांब." जसं काही गवतानंच मला लग्न करून आणलं होतं.

लॅबमधल्या मॅडमचा फोन आला. "येताय ना सोमवारी? नाहीतर पुढच्या नावाला कळवावं लागेल."

"येते," मी म्हटलं.

त्याच दुपारी दुसरा फोन. बाईंचा आवाज, घाईतला. मी सवयीनं म्हटलं, "उत्कर्षा बुक आहे."

"हो, आमच्यासाठीच बुक आहे ना! रावसाहेबांनी तारीख दिली मागच्या आठवड्यात. स्टेज पूर्वेला येईल का, एवढंच विचारायचं होतं."

मी म्हटलं, "येईल." फोन ठेवला, चप्पल काढली आणि लॉनवर गेले. अंथरल्यापासून पहिल्यांदाच. मधोमध बसले आणि मूठभर गवत ओढलं. हललं नाही. चार हात सरकून पुन्हा ओढलं. बोटांवर वळ उठले, पण गवत हललं नाही. सगळीकडं तेच. शेवटी फाटकाजवळच्या कोपऱ्यात गेले. तो तुकडा पिवळा पडला होता. उलटा केला तर खाली पांढरी मुळं, नखाएवढी, सगळी तुटलेली. रोज रात्रभर फुटायची आणि रोज सकाळी तोडली जायची.

धंद्यासाठी लॉन धरलं होतं. माझ्यासाठी धरलं नव्हतं.

शनिवारी नीरजाताई शेवटची तपासणी करायला आल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. मामा आणि शंभू ओसरीतून उठून फाटकाशी आले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई मालनबाई, दारातच थांबल्या. नीरजाताई सगळीकडं फिरल्या, जागोजाग वाकल्या आणि त्या कोपऱ्यात येऊन थांबल्या.

"सगळं उत्तम धरलंय. हा एक तुकडा काय झाला?"

"तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले. "रोज ओढून बघतोय. तुम्हीच सांगितलं व्हतं."

"मी बघायला सांगितलं होतं. उपटायला नाही."

शंभू खाली बघायला लागला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही लग्नाची तारीख दिलीय. म्हणजे लॉन धरलंय. मी सोमवारी जाते."

"धंद्याचं येगळं, घरचं येगळं," मामा शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं. "आता सराई तोंडावर आली. फवारं कोण बघणार? टायमर कुणाला येतो? तुझ्याशिवाय येतो का कुणाला? सराई झाली की बघू. एवढी आमच्या नावाला जपलीस, आणखी थोडी जप."

"नाव माझं आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय. तुझंच हाय सगळं."

नीरजाताईंनी बॅग उचलली. जाताना त्या शंभूला म्हणाल्या, "टायमर शिकायला एक चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो. मी तुम्हाला आत्ता दाखवते. की आपलं शिक्षण वडलांना विचारून होतं?" शंभूनं मामांकडं पाहिलं आणि पुन्हा मान डोलावली. ती हो होती की नाही, त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी आत्या भांडी लावत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यांना कळत न्हाय असं वाटतं व्हय तुला? मला म्हणालं व्हतं, कणसं भरली की माहेरी जा. त्यांच्या रानात कणसं भरली न्हाईत कधी." आणि त्यांनी ताट जोरात आपटलं. त्या घरात मी ऐकलेलं तेवढंच एक भांडण.

सोमवारी मी डबा भरला. मामा कोपऱ्यात वाकले होते, नेमानं. फवारे नुकतेच आत गेले होते आणि सगळी हिरवळ ओली चमकत होती. मी फरशीच्या वाटेनं गेले नाही. सरळ लॉन तुडवत गेले. चपलेचे ठसे उमटले आणि मागं गवत परत उभं राहिलं.

मामांच्या हातात तो तुकडा होता.

"अजून न्हाय धरलं," ते म्हणाले.

"तुमच्या हातात आहे तोवर धरणार नाही," मी म्हटलं. "तो राहू दे तुमच्याकडं."

त्यांनी मला अडवलं नाही. फाटकाशी उभ्या शंभूला एवढंच म्हणाले, "संध्याकाळी फाटक लवकर लावत जा रे. सराईत चोर फिरतात."

मी ऐकलं. थांबले नाही. आत्या ओसरीवर आल्या होत्या, त्यांच्या हातात फाटकाची दुसरी किल्ली होती की नुसता पदर, ते लांबून कळलं नाही.

बसला गर्दी होती. हडपसरच्या अलीकडं फोन वाजला, अनोळखी नंबर. खिडकीतून मागं पाहिलं तर कमान दिसत नव्हती, पण फोन तिचाच होता.

"हॅलो, उत्कर्षा आहे का?"

तोंडात सवयीचं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "कामाला गेलीय."

"मग कधी मिळेल?"

मी फोन ठेवला आणि बोटांवरचे पुसट वळ बघत बसले.