शुक्रवारचे दोन उपास

उपासाचं मला कोणी शिकवायला येऊ नये, असं माझं मत होतं. त्या शुक्रवारपर्यंत होतं.

माझ्या मुलाला, अवधूतला, हिवोतशी लग्न करायचं होतं. ती इथिओपियन, वाढलेली सिएटलमध्ये. तिच्या आईचा, येशीबाईंचा, होकार तेवढा अडला होता. त्या पहिल्यांदाच सिएटलशेजारच्या रेडमंडला आमच्याकडे येणार होत्या.

"आई, फ्रायडेला त्यांचा फास्ट असतो हं," अवधूत म्हणाला.

माझीही नेमकी संकष्टी. म्हटलं, गणपतीच पावला! साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, श्रीखंड, मसाला दूध. सकाळपासून राबले.

येशीबाईंनी ताट पाहिलं आणि नुसते हात जोडले.

"आंटी, आमच्या उपासाला दूध-तूप चालत नाही," हिवोत ओशाळून म्हणाली. "डाळ चालते."

"डाळ चालते आणि दूध नाही? हा कसला बाई उपास?" मी मराठीत फणकारले.

"आई, प्लीज!" अवधूतने डोळे वटारले.

हिवोतने समजावलं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडच्या अक्सूम राज्याच्या राजाने ख्रिस्ती धर्म घेतला, पुढे दीडेकशे वर्षांनी दूरदेशीचे साधू आले, तेव्हापासूनचे हे बुधवार-शुक्रवारचे नेम; दुपारपर्यंत तर पाणीही नाही.

"म्हणजे अजिंठ्यात चित्रं रंगत होती, त्या सुमाराचे!" आमचे हे हरखले. बाई सकाळपासून पाण्याशिवाय आणि यांना अजिंठा सुचतोय!

मला मात्र धडकी भरली. ज्या घरातून उपाशी परतायचं, त्या घरात कोण मुलगी देईल?

तेवढ्यात येशीबाई उठल्या आणि थेट माझ्या ओट्याशी आल्या. त्यांनी रताळं उचललं. मी मान डोलावली. त्यांनी कांदा दाखवला. मी कानांना हात लावले. मी तुपाचा डबा पुढे केला, त्यांनी तो हसत मागे सारला. शेंगदाण्याचं तेल, मिरची, दाण्याचं कूट यांवर आमचं एकमत झालं. रताळी त्यांनी किसली, फोडणी मी दिली.

आम्ही दोघी एकाच ताटात जेवायला बसलो. येशीबाईंनी पहिला घास केला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"आमच्याकडे असा घास आपल्या माणसाला भरवतात," हिवोत म्हणाली.

मी घास घेतला. माझे डोळे भरून आले, आणि ते मिरचीमुळे नव्हे. मग मीही त्यांना भरवला.

"लग्नाची तारीख बघा," येशीबाई हिवोतकरवी म्हणाल्या. "बुधवार-शुक्रवार सोडून."

"आणि संकष्टी," मी म्हणाले.